डायस्टोलमध्ये डायव्हर्ज होणारे रक्तप्रवाहाचे सिम्युलेशन: आउटलेटवरचा उलटा प्रवाह ओळखणे आणि आवरणे

लक्षण बहुधा असे असते. महाधमनीची किंवा कॅरोटिडची (मानेतल्या धमनीची) मेश, म्हणजे लहान सेलमध्ये विभागलेली भूमिती; इनलेटला (रक्त आत येण्याच्या तोंडाला) ठोक्यानुसार बदलणारा प्रवाह; ओपनफोम या प्रवाह-गणनेच्या सॉफ्टवेअरमधला पिंपलफोम सॉल्व्हर. सिस्टोल (हृदय आकुंचन पावण्याचा टप्पा) सुरळीत पार पडतो, सर्वाधिक वेगाचा क्षणही निभावतो. ठोका ०.८ सेकंदांचा असेल तर ०.३ ते ०.४ सेकंदांच्या दरम्यान, प्रवाह उतरणीला लागून डायस्टोल (हृदय शिथिल होण्याचा टप्पा) येताना, कूरंट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो तो आकडा) ०.८ वरून ५, मग ५० असा चढत जातो. प्रेशरची इटरेशन्स कमाल मर्यादेला जाऊन अडकतात आणि शेवटी फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन, म्हणजे आकडे हाताबाहेर गेल्याची त्रुटी, येते. यालाच डायव्हर्ज होणे म्हणतात. वेग सर्वात कमी असायला हवा तेव्हाच सगळे कोसळते, म्हणून गोंधळ होतो.

यावर बहुतेकजण आधी टाइम स्टेप कमी करतात, मग मेश बारीक करतात, आणि शेवटी वेगाच्या कन्व्हेक्शनसाठी (प्रवाहाबरोबर वेग वाहून नेणाऱ्या पदासाठी) पहिल्या ऑर्डरची अपविंड स्कीम लावतात. तिसऱ्या उपायाने रन पूर्ण होतो, म्हणून तोच सर्वात घातक. अपविंड स्कीम स्वतःची कृत्रिम चिकटता संपूर्ण डोमेनमध्ये मिसळते आणि भिंतीलगतचे वेगाचे उतार बोथट करते. वॉल शिअर स्ट्रेस (रक्ताच्या घर्षणाने भिंतीवर पडणारा ताण) त्या उतारावरूनच काढायचा असतो. रन टिकतो, पण ज्या आकड्यासाठी तो केला तोच बिघडलेला मिळतो. दोष बहुतेक वेळा आउटलेटवर (रक्त बाहेर जाण्याच्या तोंडावर) असतो, आणि उपायही तिथेच करायला हवा.

आधी खात्री करा

टाइम स्टेप निम्मी करून तीच केस पुन्हा चालवा. कोसळण्याचा क्षण जवळपास तोच राहिला, तर संशय आउटलेटवर. तो क्षण बराच पुढे सरकला किंवा अडचण संपली, तर ती कूरंट नंबरची साधी बाब होती. ०.३ मि.मी.चे सेल आणि १.५ मीटर प्रति सेकंद वेग असेल तर कूरंट १ च्या आत ठेवायला टाइम स्टेप ०.०००२ सेकंदाहून मोठी चालत नाही. हा हिशेब आधीच करून ठेवा.

मग जागा शोधा. कंट्रोलडिक्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये फील्डमिनमॅक्स हे फंक्शन ऑब्जेक्ट वेगासाठी लावले की कमाल वेग कोणत्या बिंदूवर आहे त्याचे निर्देशांक लॉगमध्ये छापून येतात. कोसळण्याआधीच्या शेवटच्या २० ते ३० स्टेप्समध्ये तो बिंदू एखाद्या आउटलेटच्या पहिल्या दोन-चार सेलमध्ये ठाण मांडून बसला असेल, तर निदान जवळपास झाले.

उलटा प्रवाह किती आहे हेही मोजता येते. प्रत्येक आउटलेट पॅचवर (सीमेच्या त्या तुकड्यावर) सरफेसफील्डव्हॅल्यू हे फंक्शन ऑब्जेक्ट दोनदा लावा, एकदा फ्लक्सची (प्रत्येक फेसमधून जाणाऱ्या प्रवाहाची, बाहेर जाणारा धन) बेरीज आणि एकदा फ्लक्सच्या निरपेक्ष किमतींची बेरीज. दुसऱ्यातून पहिली वजा करून दोनने भागा. येणारा आकडा म्हणजे त्या क्षणी त्या आउटलेटमधून आत येणारा प्रवाह. एकूण प्रवाह बाहेर जाताना दिसत असला तरी पॅचचा एक भाग आत ओढत असू शकतो, आणि नुसती बेरीज पाहिली तर ते लपून राहते. हा आकडा वेळेनुसार काढून आलेख पाहिला की कोसळण्याचा क्षण आणि उलट्या प्रवाहाची उसळी एकमेकांशी जुळतात का ते कळते.

असे का होते

आउटलेटवर वेगाला झीरोग्रेडियंट ही बाउंडरी कंडिशन (सीमेवरचा नियम) दिलेली असते. प्रवाह बाहेर जातो तेव्हा ही कंडिशन बरोबर आहे: आत जे आहे ते तसेच बाहेर जाऊ द्या. प्रवाह आत वळला की मात्र बाहेरून काय येते आहे हे सॉल्व्हरला कोणीतरी सांगायला हवे, आणि झीरोग्रेडियंट सांगते की आतल्या सेलमध्ये जो वेग आहे त्याच वेगाने बाहेरचे रक्त येत आहे. मग आतला वेग वाढला की येणाऱ्या रक्ताचा वेग वाढतो, त्याने आतला पुन्हा वाढतो. ऊर्जेच्या भाषेत, सीमेवरून आत येणारी गतिज ऊर्जा वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते आणि तिला रोखणारे समीकरणात काहीच नसते. चिकटता ती शोषून घेईल असे वाटते, पण ती अपुरी पडते. २५ मि.मी. व्यासाच्या महाधमनीत मिनिटाला ५ लिटर प्रवाह धरला तर सरासरी वेग १७ सें.मी. प्रति सेकंद आणि रेनॉल्ड्स नंबर (जडत्वाचे चिकटतेशी गुणोत्तर) सुमारे १३०० येतो. सिस्टोलच्या शिखरावर वेग १ मीटर प्रति सेकंद धरला तर तो ७५०० च्या वर जातो.

हा उलटा प्रवाह तीन वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सगळे उपाय एकदम लावून पाहण्यापेक्षा आपले कारण कोणते हे आधी ठरवलेले बरे.

पहिले कारण भोवरे. कमानीच्या वळणात, फाट्यावर किंवा आकुंचित भागानंतर भोवरे तयार होतात, प्रवाह मंदावताना मोठे होतात आणि आउटलेटपर्यंत पोहोचतात. भोवऱ्याचा एक काठ बाहेर आणि दुसरा आत जात असतो. अशा वेळी एकूण फ्लक्स धन असतो, पण वरच्या हिशेबातला आत येणारा भाग शून्य नसतो.

दुसरे कारण शरीरात खरोखर असलेला उलटा प्रवाह. अवरोही महाधमनीत डायस्टोलच्या सुरुवातीला थोडा प्रवाह मागे वळतो. मांडीच्या धमनीत विश्रांतीच्या वेळी प्रवाहाचे तीन टप्पे असतात आणि त्यातला मधला उलटा असतो. हा काढून टाकायचा नाही, सांभाळायचा आहे.

तिसरे कारण सर्वात कमी तपासले जाते, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे.

ताठ भिंत आणि विंडकेसल यांचे भांडण

बहुतेक सिम्युलेशनमध्ये धमनीची भिंत ताठ धरलेली असते आणि रक्त असंपीड्य. म्हणजे कोणत्याही क्षणी जितके आत तितकेच बाहेर. डायस्टोलमध्ये महाधमनीची झडप बंद असते, इनलेटचा प्रवाह शून्य. तेव्हा सर्व आउटलेटच्या प्रवाहांची बेरीजही शून्यच हवी. शरीरात फुगलेली महाधमनी आकसते आणि साठवलेले रक्त पुढे ढकलते, त्यामुळे डायस्टोलमध्येही सगळ्या शाखांना रक्त मिळत राहते. ताठ भिंतीच्या प्रतिकृतीत तो साठाच नाही. एका शाखेतून बाहेर जायचे असेल तर दुसऱ्या शाखेतून आत यावेच लागते.

आता प्रत्येक आउटलेटला तीन घटकांचे विंडकेसल, म्हणजे पुढच्या रक्तवाहिन्यांच्या जागी बसवलेले साधे प्रतिमान, लावले आहे असे समजा: जवळचा रोध, धारकता (रक्त साठवण्याची क्षमता) आणि दूरचा रोध. डायस्टोलमध्ये प्रत्येक आउटलेटचे प्रेशर आपापल्या कालस्थिरांकाने उतरते, आणि तो स्थिरांक म्हणजे दूरचा रोध गुणिले धारकता. एका शाखेचा स्थिरांक १.२ सेकंद आणि दुसरीचा २ सेकंद असेल, तर पहिलीचे प्रेशर लवकर उतरते आणि ती दुसऱ्या शाखेच्या आउटलेटमधून रक्त ओढू लागते. हा उलटा प्रवाह रुग्णाच्या शरीरात नाही, तो तुमच्या आकड्यांच्या निवडीतून आला आहे. त्याची खूण म्हणजे एखाद्या आउटलेटवर एकूण फ्लक्सच ऋण होतो आणि डायस्टोलभर तसा राहतो.

उपाय हिशेबाचा आहे. सर्व शाखांचे कालस्थिरांक सारखे ठेवा, आणि जवळच्या रोधाचे दूरच्या रोधाशी गुणोत्तरही सारखे ठेवा. एकूण धारकता शाखांच्या सरासरी प्रवाहाच्या प्रमाणात वाटली की हे आपोआप साधते, कारण रोध त्याच प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात असतात.

संपूर्ण महाधमनीसाठी आकडे असे येतात. सरासरी प्रेशर ९३ मि.मी. पारा, प्रवाह ८३.३ मि.ली. प्रति सेकंद, म्हणून एकूण रोध १.११६ मि.मी. पारा-सेकंद प्रति मि.ली. एसआय एककांत तो १.४९ × १०⁸ पास्कल-सेकंद प्रति घनमीटर, आणि सीजीएसमध्ये सुमारे १४९०. जवळचा रोध धमनीच्या वैशिष्ट्यपूर्ण अवरोधाएवढा घेतात: घनता गुणिले नाडीलहरीचा वेग भागिले क्षेत्रफळ. वेग ५ मीटर प्रति सेकंद आणि व्यास २५ मि.मी. धरला तर तो १.०८ × १०⁷ येतो, एकूण रोधाच्या सुमारे ७ टक्के. धारकता १.५ मि.ली. प्रति मि.मी. पारा घेतली तर कालस्थिरांक साधारण १.५ सेकंद. भिंत ताठ असताना महाधमनीची स्वतःची धारकताही याच आकड्यात धरायची असते. भिंत लवचीक केली तर ती वजा करावी लागते.

याच कालस्थिरांकाचा आणखी एक परिणाम आहे. सुरुवातीचे प्रेशर शून्य ठेवले तर विंडकेसल भरायला वेळ लागतो. १.५ सेकंदांचा स्थिरांक आणि ०.८ सेकंदांचा ठोका असेल तर १ टक्क्याच्या आत यायला जवळपास ९ ठोके जातात. आउटलेटचे आणि धारकाचे आरंभीचे प्रेशर सरासरी दाबाच्या आसपास दिले की हे ठोके वाचतात, आणि शाखांची आरंभीची प्रेशर्स एकमेकांपासून वेगळी असल्यामुळे होणारी पहिल्या ठोक्यातली ओढाताणही टळते.

स्वतः लिहिलेल्या विंडकेसलमधल्या चुका

अनेकजण कोडेडफिक्स्डव्हॅल्यू (स्वतःचा कोड लिहिता येणारी बाउंडरी कंडिशन) वापरून विंडकेसल स्वतः बसवतात. त्यात चार गोष्टी वारंवार चुकतात.

पिंपलच्या बाहेरच्या फेऱ्या एकापेक्षा जास्त असतील तर बाउंडरी कंडिशनचा कोड एका टाइम स्टेपमध्ये अनेकदा चालतो. प्रत्येक वेळी धारकाचे प्रेशर पुढे ढकलले गेले, तर विंडकेसलचे घड्याळ सॉल्व्हरच्या घड्याळापेक्षा दुप्पट-तिप्पट वेगाने धावते. मागच्या स्टेपचे प्रेशर वेगळे जपून ठेवा आणि टाइम इंडेक्स बदलला तरच ते नवे करा.

समांतर रनमध्ये पॅच अनेक प्रोसेसरांत विभागलेला असतो. फ्लक्सची बेरीज साध्या समने केली तर प्रत्येक प्रोसेसर आपल्या तुकड्यापुरताच प्रवाह पाहतो आणि एकाच आउटलेटवर वेगवेगळी प्रेशर्स लागतात. तिथे सर्व प्रोसेसरांची मिळून बेरीज करणारे जीसम हवे. एका प्रोसेसरवर चालणारी केस सोळांवर कोसळली, तर आधी हेच पाहा.

रीस्टार्ट करताना धारकाचे प्रेशर डिस्कवर लिहिलेले नसेल तर ते आरंभीच्या किमतीवर परत जाते आणि पहिल्याच स्टेपला प्रेशर उडी मारते.

चौथी गोष्ट स्थैर्याची. मागच्या स्टेपच्या प्रवाहावरून या स्टेपचे प्रेशर काढणे ही एक्सप्लिसिट जोडणी झाली. रोध गुणिले टाइम स्टेप भागिले शाखेचे जडत्व हा आकडा २ च्या वर गेला की प्रेशर प्रत्येक स्टेपला वर-खाली फेकले जाते. जडत्व म्हणजे घनता गुणिले लांबी भागिले क्षेत्रफळ. ६ मि.मी. व्यासाची ५ सें.मी. लांब कॅरोटिड घेतली तर ते १.८७ × १०⁶ येते. तिच्यावर धारकतेविना संपूर्ण रोध, म्हणजे ६ मि.ली. प्रति सेकंद प्रवाहाला सुमारे २ × १०⁹, थेट लावला तर टाइम स्टेपची मर्यादा ०.००१८ सेकंद. शाखा फक्त १ सें.मी. ठेवली तर हीच मर्यादा ०.०००३६ वर येते. धारकता लावली की एक्सप्लिसिट भागात मुख्यतः जवळचा रोधच उरतो आणि ही अडचण सहसा राहत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: हा दोष एकाआड एक स्टेपला चिन्ह बदलतो, उलट्या प्रवाहाचा दोष हळूहळू फुगत जातो.

आउटलेट लांबवणे

भोवऱ्यांसाठी पहिला उपाय फ्लो एक्सटेन्शन. व्हीएमटीके या रक्तवाहिन्यांच्या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार साधन आहे. धमनी आधी मध्यरेषेला काटकोनात कापा, फाट्याच्या अगदी जवळ नको, आणि मग त्या शाखेच्या व्यासाच्या किमान ५ पट, वळणानंतर किंवा आकुंचनानंतर १० पट लांब सरळ नळी जोडा. कापलेले तोंड लंबगोल असेल तर वर्तुळाकडे जाणारा बदल एकदम न होता काही व्यासांत व्हायला हवा, नाहीतर त्या पायरीवरच नवा भोवरा उठतो.

एक्सटेन्शनमुळे प्रेशरची जादा घट होते, ती मोजून घ्या. ६ मि.मी. व्यास, ६ सें.मी. लांबी आणि ६ मि.ली. प्रति सेकंद प्रवाहाला ती ४० पास्कल, म्हणजे ०.३ मि.मी. पारा. सोडून दिली तरी चालेल. पण २ मि.मी.च्या शाखेला तेवढीच लांबी आणि अर्धा मि.ली. प्रवाह असेल तर ती २ मि.मी. पाऱ्यापर्यंत जाते. तिथे जवळच्या रोधातून तेवढा भाग वजा करावा. वॉल शिअर स्ट्रेस आणि ओएसआय (ठोक्यात त्या ताणाची दिशा किती बदलते याचा निर्देशांक) काढताना एक्सटेन्शनचा भाग पूर्ण वगळा.

बाउंडरी कंडिशन बदलणे

ओपनफोममध्ये वेगाला झीरोग्रेडियंटऐवजी इनलेटआउटलेट द्या आणि आत येणारी किंमत शून्य ठेवा. मग ज्या फेसमधून प्रवाह आत येतो तिथे येणारे रक्त शून्य वेग घेऊन येते, आतल्या सेलचा वेग नाही. ऊर्जेचे चक्र तुटते. किंमत अशी की पॅचलगतचे काही सेल विकृत होतात, आणि एक्सटेन्शन असेल तर ते आपल्या कामाच्या भागात येत नाहीत. प्रेशरइनलेटआउटलेटव्हेलॉसिटी हा दुसरा पर्याय: आत येताना वेगाचा फक्त पॅचला लंब असलेला घटक राहतो, आडवा घटक शून्य होतो. याच्यासोबत प्रेशरला टोटलप्रेशर वापरण्याचा प्रघात आहे, पण विंडकेसल असेल तर प्रेशर विंडकेसलच ठरवते, म्हणून इनलेटआउटलेटच सोपे पडते.

फायनाइट एलिमेंट सॉल्व्हर वापरणाऱ्यांसाठी बॅकफ्लो स्टॅबिलायझेशन आहे. आत येणाऱ्या प्रवाहाच्या प्रमाणात, त्याच्या विरुद्ध ढकलणारे बल फक्त उलट्या प्रवाहाच्या फेसवर लावले जाते. प्रवाह बाहेर जात असताना ते शून्य असते. एस्माइली मोघदम, बाझिलेव्ह्स, शिया, विन्याँ-क्लेमेंतेल आणि मार्सडेन यांनी २०११ मध्ये हे उपाय शेजारी-शेजारी तपासले होते. आउटलेटवर वेगाचा आकार सक्तीने ठरवणे किंवा आडवा वेग शून्य करणे यांच्या तुलनेत हे स्टॅबिलायझेशन आतल्या प्रवाहाला कमी धक्का लावते. त्याचा गुणांक बीटा ०.२ पासून सुरू करा. सिमव्हॅस्क्युलर या रक्तप्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच किंमत रूढ आहे. पुरत नसेल तरच वाढवा.

काहीजण एक्सटेन्शनच्या शेवटच्या भागात चिकटता वाढवून भोवरे जिरवतात. हे फक्त एक्सटेन्शनमध्येच केले आणि लेखनात नमूद केले तर चालण्यासारखे आहे. रक्ताची चिकटता सगळीकडे वाढवणे मात्र अपविंडइतकेच चूक.

आउटलेटवर नाहक येणारे संशय

पिंपलफोममध्ये प्रेशर घनतेने भागलेले असते. १०० मि.मी. पारा म्हणजे १३३३२ पास्कल, आणि १०६० घनतेने भागल्यावर १२.५८. विंडकेसलमधून आलेले पास्कल न भागता दिले तर आउटलेटचे प्रेशर हजारपट होते. चिकटतेचेही तसेच. कॅरोच्या प्रतिमानाचे रक्तासाठी नेहमी वापरले जाणारे आकडे ०.०५६ आणि ०.००३४५ पास्कल-सेकंद, काळ ३.३१३ सेकंद, घातांक ०.३५६८ असे आहेत. ओपनफोममधल्या बर्डकॅरो या प्रतिमानात यातले पहिले दोन घनतेने भागून, ५.२८ × १०⁻⁵ आणि ३.२५ × १०⁻⁶ असे द्यायचे. न भागता दिले तर रक्ताऐवजी दाट पाक वाहतो, सिम्युलेशन अगदी शांत चालते आणि उलटा प्रवाहही दिसत नाही. संशयास्पद शांततेकडेही लक्ष असू द्या.

इनलेटच्या प्रवाहाचा आलेख २० बिंदूंवरून सरळ रेषांनी जोडला असेल तर प्रत्येक बिंदूवर त्वरण उडी मारते आणि प्रेशरही उडी मारते. २० सें.मी. लांब, २५ मि.मी. व्यासाच्या नळीत ०.१ सेकंदात प्रवाह शून्यावरून ४०० मि.ली. प्रति सेकंदावर नेला तर नुसत्या जडत्वापोटी १३ मि.मी. पाऱ्याचा फरक पडतो. बिंदूंऐवजी ८ ते १० हार्मॉनिक्सची फूरिये मालिका बसवा आणि ठोक्याचा शेवट पुढच्या ठोक्याच्या सुरुवातीला जुळतो का ते पाहा.

फील्डमिनमॅक्सने दाखवलेला बिंदू आउटलेटपासून दूर, भिंतीलगतच्या एखाद्या कोपऱ्यात असेल तर मेश तपासणारे चेकमेश चालवा. नॉनऑर्थोगोनॅलिटी (सेलचा काटकोनापासूनचा तिरपेपणा) ७० अंशांच्या किंवा स्क्यूनेस (सेलचा वेडेवाकडेपणा) ४ च्या वर असेल तर मेश दुरुस्त करा. तोवर नॉनऑर्थोगोनल करेक्टर १ किंवा २ ठेवा.

दुरुस्ती झाल्यावर

कन्व्हेक्शनसाठी लिनिअरअपविंड ही दुसऱ्या ऑर्डरची स्कीम परत लावा आणि किमान तीन ठोके चालवा. शेवटच्या दोन ठोक्यांतील प्रत्येक आउटलेटचे प्रेशर आणि प्रवाह १ टक्क्याच्या आत जुळायला हवेत. मग एक्सटेन्शनची लांबी दीडपट करून एक ठोका पुन्हा घ्या. मूळ धमनीतला वॉल शिअर स्ट्रेस बदलला, तर आउटलेट अजूनही आत ढवळाढवळ करते आहे.

स्कीम आणि टाइम स्टेपची निवड पारखण्यासाठी सरळ नळीतल्या स्पंदित प्रवाहाचे वोमर्स्लीचे १९५५ चे अचूक उत्तर वापरा. मिनिटाला ७५ ठोक्यांना २५ मि.मी. नळीचा वोमर्स्ली नंबर (स्पंदनाच्या जडत्वाचे चिकटतेशी प्रमाण दाखवणारा आकडा) १९ च्या आसपास आणि ६ मि.मी. नळीचा ४.६ येतो, त्यामुळे दोन्ही आकारांसाठी स्वतंत्र तपासणी करा. आकुंचित भागानंतरच्या विस्कळीत प्रवाहासाठी अमेरिकेच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) नोझल घ्या: १२ मि.मी. नळी, ४० मि.मी. लांब आणि ४ मि.मी. व्यासाचा गळा, गळ्यातले रेनॉल्ड्स नंबर ५०० ते ६५००. त्याची प्रयोगशाळेतली मोजमापे खुली आहेत. ५०० ला आउटलेट शांत राहते. २००० आणि त्यावर प्रवाहाचा झोत फुटून भोवरे खाली वाहत जातात, तेव्हा तुमची आउटलेट कंडिशन ते झेलते की नाही हे रुग्णाच्या भूमितीवर जाण्याआधीच कळते.